घडीच्या खुर्चीत आधी सांधा बघा, मग कापड

प्रश्न असा आहे : "आम्ही ठाण्यात वर्तकनगरला वन बीएचकेमध्ये राहतो. बाबा ७४ वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात, तरी रोज उपवनला फेरी मारतात. मध्ये टेकायचं म्हटलं तर बाकं भरलेली असतात. त्यांच्याबरोबर नेता येईल अशी हलकी खुर्ची हवी आहे, आणि घरी पाहुणे आले की काढायला दोन-चार. ऑनलाइन बघितलं तर पिशवीत मावणाऱ्या, तंबूसारख्या काड्या जोडायच्या, पिळून उंच करायच्या असे कितीतरी प्रकार दिसतात. यात खरंच काही नवीन आहे, की जुन्याच खुर्चीला नवं कापड लावलंय?"

नवीन आहे. पण रंगीत कापड, मोबाईलचा खिसा, बाटली ठेवायची जाळी यांत ते नवेपण नाही. ते सांध्यात आहे, म्हणजे खुर्ची जिथे दुमडते किंवा सुटी होते त्या जागेत. वडिलांनी वागळे इस्टेटमध्ये सुरू केलेल्या गाळ्यात मी गेली सव्वीस वर्षं घडीच्या खुर्च्या बनवते आहे. मंडपवाले, शाळा, हॉस्पिटलात पेशंटजवळ रात्र काढणारे नातेवाईक, सगळ्यांसाठी बनवल्या. तुम्हाला लगेच लिहायला बसले ते बाबांच्या गुडघ्यांमुळे. "हलकी" म्हणून शोधलं की ज्या खुर्च्या आधी समोर येतात, त्यातल्या बहुतेक त्यांना त्रासच देतील. का, ते सांगायला थोडं मागून सुरुवात करते.

घडीची सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे फुली. घरात पोथी ठेवायला लाकडी व्यासपीठ असतं, तेच तत्त्व. तुतनखामेनच्या थडग्यात फुलीच्या पायांचं घडीचं आसन सापडलं, पायांची टोकं बदकाच्या डोक्यासारखी कोरलेली. म्हणजे ही कल्पना तीन हजारांहून जास्त वर्षांची आहे. फुलीवर माणूस बसला की पाय फाकायला बघतात. त्यांना धरून ठेवतं वरचं चामडं किंवा कापड. म्हणून अशा खुर्चीत बैठक ही पायांइतकीच खुर्चीचा अवयव असते, सगळा ताण ती घेते. कापड सैल पडलं की बसायला वाईट लागतं एवढ्यावर ते थांबत नाही. पाय जास्त फाकतात, बैठक खाली जाते, सांध्यावरचा जोर वाढतो. कोकणातल्या पडवीत कापडी आरामखुर्ची असायची, तिचं कापड खालच्या-वरच्या दांडीतून काढून वेळच्या वेळी बदलायचे. त्या बदलण्यामुळे खुर्चीचं लाकूडही टिकायचं.

आता आपली लोखंडी खुर्ची. सार्वजनिक मंडळात असते ती, पाठीवर ऑइल पेंटने "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" लिहिलेली. तिच्यात बैठकीचा पत्रा कुलपाचं काम करतो. उघडली की पत्रा पुढच्या आणि मागच्या पायांना एका ठरावीक कोनात अडकवतो, आणि बसणाऱ्याचं वजन ते कुलूप आणखी घट्ट करतं. अतिशय सुंदर रचना आहे ही, आणि तिला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही. वजन साधारण चार-पाच किलो, उंची ४३ ते ४५ सेंटिमीटर, म्हणजे बहुतेकांच्या गुडघ्याच्या मागच्या घडीएवढी. तिचा कच्चा दुवा एकच, रिबीट, म्हणजे दोन पाइप जोडायला भोकातून घालून ठोकतात तो खिळा.

हा धडा मी पैसे भरून शिकले आहे. एका मंडपवाल्याला चारशे खुर्च्या करून द्यायच्या होत्या आणि त्याला त्या हलक्या हव्या होत्या. मी पायांचा पाइप १६ गेजवरून १८ वर आणला, म्हणजे पाइपाच्या भिंतीची जाडी १.६ मिलिमीटरवरून १.२ वर आली. वजनाला उचलून बघितली तेव्हा सगळे खूश. एका गणपतीच्या हंगामात खुर्च्या डुगडुगायला लागल्या. पाइप एकही वाकला नव्हता. पण रिबीट ज्या भोकातून जातं त्या भोकाची कड पातळ झाली होती. रोज उघडताना-मिटताना आणि बसताना तिथे दाब यायचा, आणि गोल भोक लांबट होत गेलं. एका भोकात अर्धा मिलिमीटर ढिलाई आली तरी बैठकीजवळ ती बोटभर हलते. आम्ही सगळ्या खुर्च्या परत आणल्या, प्रत्येक भोकात आतून नळीचा छोटा तुकडा बसवला, दोन पाइपांच्या मध्ये वॉशर घातला आणि मग नवी रिबिटं ठोकली. पाठीला १८ गेज चालतो, पायाला नाही, हे तेव्हापासून आमच्या गाळ्यात ठरलं आहे. तुम्ही दुकानात गेलात तर तेवढंच बघा : पाइप एकमेकांवर घासत असतील आणि मध्ये वॉशर नसेल, तर ती खुर्ची घेऊ नका. कापड कितीही छान असलं तरी.

मंडपातून या खुर्च्या गेल्या कशा, तेही सांगते. दुसऱ्या चांगल्या घडीच्या खुर्चीने त्यांना हरवलं नाही. हरवलं ते न दुमडणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीने. १९७२ साली फ्रान्समध्ये आंरी मासोने यांनी एकाच साच्यातून दोन मिनिटांच्या आत निघणारी खुर्ची आणली, आणि पुढे तिच्या बहिणी जगभर झाल्या. तिला सांधाच नाही. एकात एक रचता येते, गंजत नाही, रिबीट नाही, बोट सापडत नाही. जागा वाचवणं हे घडीच्या खुर्चीचं मुख्य काम, आणि मंडपवाल्याचं ते काम रचून ठेवण्याने भागलं. पण वन बीएचकेमध्ये चार खुर्च्या रचल्या तरी एका खुर्चीएवढी जमीन कायमची जाते. भिंतीला सपाट टेकणारी खुर्ची घरातच लागते. म्हणून घडी मंडपातून संपली तरी घरातून संपणार नाही.

सपाट होण्यात सगळ्यात मोठी झेप इटलीत पडली. १९६७ साली जानकार्लो पिरेत्ती यांनी कास्तेल्ली कंपनीसाठी प्लिया नावाची खुर्ची केली. त्याआधी बहुतेक घडीच्या खुर्च्यांना बैठकीसाठी एक सांधा, पायांसाठी दुसरा, असे वेगवेगळे खिळे असायचे. पिरेत्तींनी बाजूला धातूच्या तीन चकत्या एकावर एक ठेवून एकच बिजागरी केली. पाठ, बैठक, पाय, सगळं त्या एका अक्षाभोवती फिरतं. मिटल्यावर सगळ्या चौकटी एकमेकींच्या आत येऊन बसतात आणि खुर्ची बिजागरीपाशी सुमारे पाच सेंटिमीटर जाड राहते. बैठक आणि पाठ पारदर्शक प्लास्टिकची. मला त्या चकत्यांचं फार अप्रूप आहे, कारण रुंद चकतीमुळे बाजूने बसणारा झटका मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो. रिबिटाची बारीक कड हे कधीच करू शकत नाही. आज बाजारात "स्लिम फोल्डिंग" म्हणून जे मिळतं त्यातल्या बऱ्याच खुर्च्या दिसायला प्लियासारख्या असतात, पण चकतीच्या जागी नुसतं झाकण लावलेलं असतं आणि आत साधं रिबीट. झाकण नखाने उचलून बघता येतं. दुकानदार रागावला तरी बघा.

वजनाची गोष्ट वेगळी. ती ॲल्युमिनियमने बदलली. १९४७ साली अमेरिकेत फ्रेडरिक अर्नोल्ड यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांना पट्ट्या विणून घडीची खुर्ची काढली. आपल्या नवारीच्या खाटेसारखीच विण. दहा वर्षांत त्यांचा ब्रुकलिनचा कारखाना दिवसाला चौदा हजारांवर खुर्च्या काढत होता. ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. हे जाहिरातीत सांगतात. न सांगितली जाणारी गोष्ट अशी की त्याचा ताठपणाही लोखंडाच्या साधारण एक तृतीयांशच आहे. म्हणून चांगला कारागीर नळीचा व्यास वाढवतो. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर नळीचा वाकण्याला होणारा विरोध सुमारे आठपट होतो. ॲल्युमिनियमची खुर्ची लोखंडीएवढ्याच बारीक नळीची दिसली की मला शंका येते. शिवाय लोखंडाला एका मर्यादेखालचा भार कितीही वेळा दिला तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. लहान-लहान झटकेही ते साठवत जातं, आणि तडा जातो तो बहुधा भोकापाशी. वर्षातून एकदा भोकांच्या कडा बोटाने चाचपून बघायच्या, एवढी काळजी पुरते.

आता तुम्ही म्हणता त्या तंबूच्या काड्यांच्या खुर्च्या. यांचं मूळ आपल्याकडे आहे असं मी म्हटलं तर आश्चर्य वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुरकीला लष्करी इंजिनियरांच्या छावणीत एक खुर्ची तयार झाली, तिला रुरकी खुर्चीच म्हणतात. तिच्यात बिजागरी नाही, खिळा नाही, सरस नाही. चार खरादलेले पाय, त्यांना निमुळती भोकं, त्यात निमुळत्या दांड्या नुसत्या खोचायच्या, आणि वरून कॅनव्हास व पट्टा ताणायचा. बसलं की दांड्या भोकात घट्ट होतात. उठलं की ढिल्या. सांधे ढिले असल्यामुळे खडबडीत जमिनीवर प्रत्येक पाय आपापली जागा शोधतो आणि खुर्ची लंगडत नाही. डेन्मार्कच्या कोरे क्लिंट यांनी १९३३ मध्ये हिच्यावरून सफारी खुर्ची केली. ढिलाई म्हणजे दोष, असं मी वर रिबिटाबद्दल लिहिलं. रुरकीच्या कारागिरांनी तीच ढिलाई कामाला लावली. आमच्या धंद्यात मला याहून हुशार विचार दुसरा माहीत नाही.

हेलिनॉक्स नावाच्या कोरियन कंपनीने २०१२ च्या सुमारास चेअर वन आणली, ती याच घराण्यातली आहे. त्यांचा मूळ धंदा तंबूच्या ॲल्युमिनियम काड्यांचा. काड्यांच्या आतून इलॅस्टिकची दोरी जाते, पिशवीतून काढून झटकलं की काड्या आपोआप एकमेकींत जातात, मधल्या गाठीतून खाली पाय आणि वर कापड धरणाऱ्या काड्या फुटतात, आणि कापडाचे चार कोपरे काड्यांच्या टोकांत अडकवायचे. वजन एक किलोच्या आत, आणि कंपनी भार सांगते १४५ किलोपर्यंत. हे खोटं नाही. काडी मुद्दाम थोडी वाकते आणि वाकताना भार वाटून घेते. नकलांमध्ये मधली गाठ ठिसूळ प्लास्टिकची असते आणि काडी तिच्यात जेमतेम दोन बोटं जाते. तिथेच तुटते. ऐरोलीच्या खाडीकाठी फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्या एका ग्रुपसाठी मी या पद्धतीचे काही नमुने केले होते. मऊ जमिनीत बारीक पाय रुतायचे, आणि एक पाय जास्त रुतला की माणूस बाजूला कलंडायचा. शेवटी पायांना जुने टेनिसचे चेंडू चिरून बसवले. तेवढ्याने काम झालं.

पण ही खुर्ची बाबांसाठी नको. बैठक जमिनीपासून जेमतेम ३५ सेंटिमीटर, आणि मागे झुकलेली. तिशीतल्या माणसाला हे सुख वाटतं. गुडघे दुखणाऱ्याला त्यातून उठताना काय होतं बघा : बैठक जितकी खाली, तितका गुडघा जास्त दुमडलेला, आणि तितका मांडीच्या स्नायूला शरीर वर ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. त्यात कापड खोल गेलेलं, म्हणजे आधी पुढे सरकायचं, मग उठायचं. हात टेकायला काहीच नाही. खुर्ची निवडताना सगळे बसून बघतात. मी आमच्याकडे येणाऱ्यांना उठून बघायला सांगते, तेही तीनदा लागोपाठ.

छत्रीसारखी मिटणारी, चारही बाजूंना फुल्या असलेली पिशवीतली खुर्ची त्याच दोषाची, फक्त जड. अडीच-तीन किलो असते. तिचे खालचे प्लास्टिकचे कोपरे उन्हाने पिचतात आणि हातांच्या कडेला कापड फाटतं. मैदानावर मॅच बघायला ठीक. तुमच्या कामाची नाही.

पिळून उंच करायचं स्टूल, म्हणजे कड्यावर कडं चढत जाणारं प्लास्टिकचं. मिटलं की ताटाएवढं सपाट, उघडलं की ४५ सेंटिमीटर. कल्पना खरोखर चांगली आहे. पण माणसाचं सगळं वजन प्रत्येक कड्याच्या आतल्या छोट्या दातांवर येतं, आणि ते दात फक्त सरळ खाली येणारा भार नीट पेलतात. बसल्या-बसल्या कडेला वळलं, पिशवी उचलायला वाकलं, की कडं फिरून सुटू शकतं. दातांत वाळू गेली की ते पूर्ण बसतच नाहीत. रांगेत थांबणाऱ्या धडधाकट माणसाने जरूर घ्यावं. ७४ वर्षांच्या माणसाने पाठ आणि हात नसलेल्या गोल स्टुलावर बसू नये.

कंपन्या १२० किलो, १५० किलो असं छापतात. तो स्थिर भार असतो, सावकाश ठेवलेला. वजन एकदम सोडलं तर खुर्चीला त्याच्या निदान दुप्पट झटका बसतो, आणि गुडघे दुखणारा माणूस शेवटचं वीतभर अंतर धपकन सोडतोच, कारण तिथेच गुडघा सगळ्यात जास्त दुखतो. ७० किलोच्या माणसाला निदान १४० किलोची खुर्ची बघा. आपल्याकडे साध्या खुर्च्या आणि स्टुलांसाठी आयएस १७६३२ हे भारतीय मानक २०२२ चं आहे. विक्रेत्याला त्याप्रमाणे चाचणी झाली आहे का ते विचारा. उत्तर नाही मिळालं तरी विचारल्याने पुढच्या वेळी तो चौकशी करतो, हा माझा अनुभव आहे.

घरात नातवंडं असतील तर बोटांचाही विचार करा. अमेरिकेत बोटं सापडल्यामुळे घडीच्या खुर्च्यांच्या अख्ख्या तुकड्या बाजारातून परत बोलावल्या गेल्या आहेत. आमचा नियम असा : हलणाऱ्या दोन भागांमधली फट आठ मिलिमीटरपेक्षा कमी असावी, म्हणजे बोट जाणारच नाही. नाहीतर पंचवीसपेक्षा जास्त, म्हणजे गेलं तरी चिरडणार नाही. मधली फट सगळ्यात वाईट. खुर्ची अर्धवट मिटवून पेन्सिल घालून बघितलं की अंदाज येतो.

आता नेमकं काय घ्यायचं. घरासाठी सपाट मिटणाऱ्या लोखंडी खुर्च्या, पायाला १६ गेज पाइप, वॉशर असलेल्या, पावडर कोटिंगच्या. दोन पुरे, चार नको. दाराच्या मागे दोन मजबूत खुंट्या मारा, वापर वाढतो. कपाटावर ठेवलेली घडीची खुर्ची कोणी काढत नाही.

बाबांसाठी दोन मार्ग आहेत आणि ते कोण सोबत जातं यावर अवलंबून आहेत. कोणी सोबत असेल तर हातांची ॲल्युमिनियम खुर्ची, बैठक ४५ सेंटिमीटर, कापड न झोळणारं, नळी जाड. ती सोबतच्याने खांद्याला लावायची. हाताची टोकं बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत यायला हवीत, म्हणजे उठताना रेटा देता येतो, पण पुढच्या पायांच्या पलीकडे जायला नकोत. गेली तर रेटा देताच खुर्ची पुढे उलटते. हे दुकानात तपासायचं : खुर्ची मोकळी ठेवून दोन्ही हातांच्या टोकांवर खाली दाबा. मागचे पाय उचलले गेले तर ती परत ठेवा.

बाबा एकटेच जात असतील तर तीन पायांची बसायची काठी. तीन पाय कशाही जमिनीवर टेकतातच, म्हणून ती लंगडत नाही, आणि बैठक बरीच उंच असल्याने पूर्ण बसावं लागत नाही, नुसतं टेकायचं. गुडघ्याला हे बरं. पण यातल्या बहुतेक काठ्यांवर मूठ समोर येईल असं, काठीकडे तोंड करून बसायचं असतं. मूठ पाठीमागे ठेवून, तिला पाठ समजून बसलं तर काठी मागे जाते. घरी आधी गादीजवळ दहा वेळा करून घ्या. त्यांना चक्कर येत असेल किंवा तोल जात असेल तर हा मार्ग सोडून द्या. आणि चालताना ते काठीवर भार देत असतील तर चालायची काठी त्यांच्या डॉक्टरांना विचारून वेगळी घ्या. बसायची काठी मिटल्यावर काठीसारखी दिसते, पण प्रत्येक तशी वापरायला बनवलेली नसते.

लोखंडी खुर्ची आणलीत तर आणखी एक. ठाण्यातल्या पावसात खुर्ची गंजते ती आतून. पाणी रिबिटाच्या भोकातून पाइपात जातं आणि खाली रबरी बुटात साचून राहतं. मे महिन्यात बूट काढून बुडाला दाभणाने एक भोक पाडा आणि पुन्हा चढवा. पाणी येईल तसं निघून जाईल.